संगणकाच्या पोटात – लेखांक ६ : बंद केलेली फ्लॉपी

एका दणकट सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं कशी नांदतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. नांदगावात बसून सातबारा काढा की बाजार समितीतला कांद्याचा भाव बघा, पलीकडून उत्तर देणारं यंत्र बहुधा असंच आभासी असतं. वाड्यातली बिऱ्हाडं जशी : चूल वेगळी, भिंत सामाईक. त्या भिंतीला २०१५ साली भगदाड सापडलं, आणि तेही फ्लॉपीच्या कोपऱ्यात.

फ्लॉपी आठवते ना? १.४४ एमबीची ती चौकोनी चकती. लग्नपत्रिकेचा मजकूर तिच्यावर घालून छापखान्यात न्यायचा आणि तिथे ती उघडली नाही तर पुन्हा घरी यायचं! ती कधीच गेली. पण आभासी यंत्राला डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड असल्याचा भास करून देणाऱ्या ‘क्यूईएमयू’ या प्रणालीत फ्लॉपीचा कंट्रोलर तसाच राहिला होता. आभासी यंत्रं चालवणाऱ्या झेन आणि केव्हीएम या दोन प्रणाली हीच नक्कल वापरत, त्यामुळे दोघंही अडचणीत आले. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही यांची घडण वेगळी, म्हणून ते सुटले.

क्राउडस्ट्राइक कंपनीच्या जेसन गेफनर यांनी शोधलेला हा दोष १३ मे २०१५ रोजी जाहीर झाला. नाव ‘व्हेनम’. दोष २००४पासून तिथेच होता. व्यवस्थापकाने फ्लॉपी बंद केली असली, तरी आणखी एका चुकीमुळे झेन आणि क्यूईएमयूमध्ये तिचा कोड जागाच राहत असे. मला यातलं हेच सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

आता नेमकं काय बिघडलं होतं? कंट्रोलरकडे आलेला प्रत्येक बाइट ५१२ बाइटांच्या एका जागेत ठेवला जाई, आणि पुढचा बाइट कुठे ठेवायचा याचा आकडा दरवेळी एकाने वाढे. आज्ञा पुरी झाली की तो आकडा शून्यावर यायला हवा. दोन आज्ञांच्या बाबतीत तसं घडत नव्हतं. ‘रीड आयडी’ या आज्ञेत शून्य करण्याचं काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर होई, आणि संगणकाच्या हिशेबात तेवढा वेळ म्हणजे युग! ‘ड्राइव्ह स्पेसिफिकेशन’मध्ये तर विशिष्ट माहिती धाडली की आकडा शून्यावर येतच नसे. तेवढ्यात आतला माणूस बाइट ओतत राहिला की ते ५१२च्या पलीकडे, यजमानावर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, चालणाऱ्या क्यूईएमयू प्रक्रियेच्या स्मृतीत सांडत. नीट बेतलं तर तिथून यजमानाचा ताबा, आणि मग शेजारची बिऱ्हाडं. अर्थात त्यासाठी आपल्या आभासी यंत्रात रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार हवेत, पण भाड्याने यंत्र घेणाऱ्याकडे ते असतातच.

दुरुस्ती शाळेतल्या भागाकाराची. रेड हॅटच्या पेत्र मातोउशेक यांनी लिहिलेल्या पॅचने त्या आकड्याला ५१२ने भागून फक्त बाकी वापरायची, असं ठरवलं. बाकी ५११च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे जास्तीचे बाइट आपल्याच जागेत फिरून पडतात.

कोड चिमूटभर, लावणं मात्र किचकट. आभासी यंत्र आतून रीबूट केलं तरी बाहेरची जुनी प्रक्रिया चालूच राहते. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं, किंवा चालतं-बोलतं दुरुस्त यजमानावर हलवायचं, एवढेच मार्ग. हजारो ग्राहकांची यंत्रं सांभाळणाऱ्यांना हे रात्री जागून करावं लागलं असेल, यात नवल नाही.

त्याच वर्षी आलेल्या क्यूईएमयू २.४पासून ‘क्यू३५’ या नव्या धाटणीच्या यंत्रात फ्लॉपीचा कंट्रोलर आपोआप बसवला जात नाही. जुन्या ‘पीसी’ धाटणीत तो अजून बसतो.

पुढच्या आठवड्यात : नक्कल नको म्हणून खरंखुरं नेटवर्क कार्डच आभासी यंत्राच्या हाती दिलं, तर त्याला कोण आवरतं?