वीणा घडविणारे हात

कार्तिकी जवळ आली, की आळंदी-देहूच्या परिसरात सप्ताहांची लगबग सुरू होते. इंद्रायणीकाठचे निघोजे आता चाकणच्या कारखान्यांनी वेढले आहे. तरी रात्रपाळी करून आलेला तरुण पहाटे काकड्यास उभा राहतो, हे आम्ही पाहिले आहे. गतवर्षी तेथील सप्ताहात पहारा बदलताना वीणा आमच्याच हातून निसटली. सात दिवस भुईस न टेकवावयाची ती वीणा! दुसरी तत्काळ आणली गेली. कोणी आम्हांस बोल लावला नाही, हेच अधिक बोचले.

तडकलेला भोपळा घेऊन आम्ही मिरज गाठली. समवेत निघोज्याचा एक तरुण होता. दिवसा कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासतो, फावल्या वेळी छायाचित्रे काढतो. ज्या वीणेपुढे गाव माथा टेकतो ती कोण घडवितो, हे देवळात चित्ररूपाने लावावे, ही त्याचीच कल्पना.

मिरजेची सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. त्यांच्या सतारीस व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे येतात ते पंढरपूर परिसरातील मळ्यांतून. जात कडू, खाण्यास निरुपयोगी. वाळलेला भोपळा भिजवून कापतात, आतला गर खरवडतात आणि मग तुणीच्या लाकडाशी त्याचा सांधा जुळवितात. पंढरीच्या मातीतले फळ मुसलमान कारागिराच्या हातून पुन्हा विठ्ठलापुढे उभे राहते, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले! शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त वीणेच्या घडणीचे वर्णन आम्ही अनेकदा वाचले आहे, घडविणाऱ्याकडे पाहण्याचे मात्र सुचले नव्हते.

तरुणाने प्रथम दिवा लखलखविला. पॉलिश केलेल्या भोपळ्यावर तेवढी चकाकी उमटली, बाकी काळोख. मग दारातून तिरपे ऊन येईतो तो थांबला. उस्ताद म्हणाले, “महाराज, तोंडाचा फोटो कशाला? हातांचा काढू द्या पोराला.”

सर्वांत कठीण काम जवारीचे. घोडीचा माथा कानशीने किंचित घासावयाचा, तार छेडावयाची, ऐकावयाचे; पुन्हा घासावयाचे. तारेखाली सुताचा धागा सरकवीत नाद फुलेपर्यंत हे चालते. केसभर अधिक घासले गेले, की नाद बसलाच.

परतताना गाडीत तरुण चित्रे दाखवू लागला. एकात उस्तादांचा हात घोडीवर नुसता टेकलेला होता. “यात काहीच घडत नाही, काढून टाकतो,” तो म्हणाला. आम्ही त्यास थांबविले. त्या क्षणी उस्ताद ऐकत होते. आम्ही समोरच बसलो होतो.

तेच चित्र आज निघोज्याच्या देवळात वीणेच्या खुंटीशेजारी आहे. भोपळ्यावरील सांधा जवळून पाहिल्यास अद्याप दिसतो. तो रंगाने झाकावा, असे आम्ही सुचविले होते. उस्तादांनी ऐकले नाही.