हलती चित्रे आणि आपली लेकरे

कागदावर एक हरिण काढले. ते जागचे हलत नाही. मग त्याचा पाय जरासा पुढे घेऊन दुसरे चित्र काढले. मग तिसरे, मग चौथे. ही चित्रे एकामागून एक झरझर दाखविली की हरिण पळू लागते. सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. यालाच आपण कार्टून म्हणतो. आपल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली अशाच युक्तीने आगकाड्या नाचविल्या होत्या.

कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, असे पुष्कळांना वाटते. म्हणून लेकराच्या हाती मोबाईल देऊन आपण कामाला लागतो. पण सगळीच कार्टून लहान वयाला सोसत नाहीत.

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी १९४२ साली 'बाम्बी' नावाचा चित्रपट काढला. तो फार नावाजला गेला. त्यात हरिणाचे पाडस आणि त्याची माय रानात राहतात. एके दिवशी शिकारी येतो. दोघे पळत सुटतात. बंदुकीचा बार होतो. पाडस मागे वळून पाहते, तर माय नाही! मोठ्या माणसाचेही डोळे भरून येतात.

आता आपल्या जालना जिल्ह्यातले घर पाहा. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून पुष्कळ जोडपी ऊसतोडीला जातात. काहींचे लेकरू गावी आजीजवळ राहते. चार वर्षांच्या लेकराला चित्रातले आणि खरे यांतला फरक पुरता कळत नाही. आपली माय परत येईल ना, ही धास्ती त्याच्या मनात बसू शकते. ते तोंडाने सांगत नाही. पण रात्री दचकून उठते, एकटे झोपत नाही.

मग असे चित्रपट दाखवायचेच नाहीत का? तसे नाही. आजीच्या गोष्टीतही राक्षस असतो. पण लेकरू भ्याले की आजी त्याला जवळ घेते. गोष्ट थांबवते. मोबाईलला लेकराचे तोंड दिसत नाही.

आपल्या देशातही अशी चित्रे निघाली. १९७४ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हे छोटे चित्र काढले. त्यातही शिकारी आहे, जाळे आहे. पण पाखरे एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात. उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवितात. ही गोष्ट मुलांना त्यांची ताई समजावून सांगते. ताई जवळ आहे, म्हणून मुले शिकाऱ्याला भीत नाहीत.

तेव्हा इतके करा. चित्र आधी आपण पाहा. पहिल्यांदा दाखविताना लेकराजवळ बसा. ते घाबरले तर बंद करा. "भित्रा कुठला" असे म्हणू नका. मग त्याच्याशी बोला. माय परगावी असेल तर तिला फोन लावून द्या.

आणखी एक. थेटरात लागणाऱ्या चित्रपटाला सरकारी मंडळाचा दाखला असतो. 'यू' म्हणजे सर्वांसाठी. २०२४ पासून काहींवर ७+, १३+, १६+ असे वयाचे आकडेही येतात. मोबाईलवरच्या प्रत्येक तुकड्यावर असा आकडा नसतो. जिथे असेल, तिथे वाचा. आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग आपल्या लेकरासाठी करा.