अंधेरीहून पाबळला

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव मुंबईच्या अनेक जैन कुटुंबांना पद्ममणी तीर्थामुळे परिचित आहे. उपनगरांतून यात्रेकरू तेथे जातात, दर्शन-पूजा करतात, भोजनशाळेत जेवतात आणि परततात. त्याच गावाच्या माळावर ‘विज्ञान आश्रम’ नावाची एक संस्था आहे. तिकडे यात्रेकरूंची पावले क्वचितच वळतात. ती वळावयास हवीत, कारण या संस्थेचे बीज अंधेरीत आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट. अंधेरीतील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते. पद, पगार, प्रतिष्ठा सर्व काही असताना पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १९८३ साली पत्नी मीराताईंसह ते या दुष्काळी गावी राहावयास आले. शाळेत नापास होणारी मुले खरोखरच मंद असतात काय, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. हाताने काम करीत शिकणे हीच मुलाची नैसर्गिक रीत आहे आणि शाळेने ती मोडली आहे, असे त्यांचे मत होते.

व्यापारी घरात हे मत नवे वाटू नये. दुकानात वाढलेल्या मुलास घाऊक आणि किरकोळ भावातील फरक फळ्यावर शिकवावा लागत नाही.

कलबागांनी गावच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातील एक दिवस कामाला दिला. विषय चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुले वेल्डिंग करू लागली, मातीची परीक्षा करू लागली, रक्तगट तपासू लागली, कोंबड्यांच्या खाद्याचे वजन मांडू लागली. वस्तू खरी हवी आणि ती कोणाच्या तरी उपयोगी पडावयास हवी, हा दंडक होता. गावकऱ्याचे लोखंडी फाटक करून दिले तर त्याचे पैसे घेतले जात. त्याआधी मुलाला माल किती लागला, मजुरी किती, वीज किती, याचा हिशेब वहीत मांडावा लागे. बँकेत कर्जाच्या अर्जासोबत येणारे कित्येक प्रकल्प अहवाल या वहीपुढे फिके पडतील! पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा अभ्यासक्रम मान्य केला. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर आश्रमाने विकसित केलेली घुमटाकार घरे तेथे उभी राहिली.

यातील मर्म वेगळेच आहे. हे सारे शिकविण्यासाठी पदवीधर शिक्षकांची वाट पाहिली गेली नाही. ज्याला काम येते तो निदेशक, मग तो गावातील कारागीर असो. आपल्या समाजात शाळांना देणगी देण्याची परंपरा मोठी आहे. इमारतीवर नाव कोरले जाते, वर्गखोल्या होतात, संगणक येतात. परंतु ज्याला काही येते असा माणूस दर आठवड्याला ठरल्या वारी शाळेत येणे, ही देणगी दुर्मिळ आहे. कलबाग वीस वर्षे, २००३ साली निधन होईपर्यंत, पाबळलाच राहिले.

हातकामाबरोबर संगीतही शाळेचा भाग असावे, हा विचारही महाराष्ट्रातच मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. ही शाळा मारवाडी शिक्षण मंडळाची, म्हणजे व्यापाऱ्यांच्याच पैशांतून उभी राहिलेली. त्या परिषदेतून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात मूलोद्योगासोबत चित्रकला आणि संगीत यांना स्वतंत्र स्थान होते. सूतकताई राष्ट्राच्या स्मरणात राहिली, संगीत मात्र बहुतेक शाळांतून स्नेहसंमेलनापुरते उरले.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील संघांत कोणत्या गोष्टीची उणीव आहे? वायरिंगचे दुकान चालविणारे आहेत, भांड्यांचे कारखानदार आहेत, वहीखात्यात केस पांढरे झालेले निवृत्त मुनीम आहेत. रात्रीच्या भावनेत पेटी आणि ढोलक वाजविणारी तरुण मंडळी तर प्रत्येक मंडळात आहेत. जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, शाळेची परवानगी घेऊन, आठवड्यातील एक तास मागता येईल. पहिल्या महिन्यात टाळी आणि ताल एवढेच पुरे. दुसऱ्या बाजूस मुलांनी विजेचा साधा बोर्ड जोडावा आणि त्याचा खर्च स्वतः मांडावा. मात्र वार चुकवू नये. दोनदा गैरहजर राहिलेल्या पाहुण्याची मुले तिसऱ्यांदा वाट पाहत नाहीत.

पर्युषण आटोपले की मंडळाची पेटी कापडात गुंडाळून कपाटात जाते. पुढील पर्युषणापर्यंत ती तेथेच असते.