सरकारी पत्ता शेवटून वाचावा

आमचे नांदगाव नाशिक जिल्ह्यातले. अमरावतीकडे नांदगाव खंडेश्वर आहे, कणकवलीजवळ आणखी एक नांदगाव, आणि मथुरेकडचे तर खुद्द नंदाचे! तरी आमची पत्रे चुकत नाहीत, कारण खाली पिनकोड असतो. १९७२ साली ही पद्धत आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि वर संस्कृत कवी.

संगणकाच्या जाळ्यावर सरकारी कचेरीची ओळख अशीच नावातून पटते. मात्र ते नाव वाचता यायला हवे. मध्यंतरी शेजारच्या गृहस्थांनी मला मोबाइल दाखवला. जन्मदाखल्यासाठी पैसे भरायचे होते. पानावर राजमुद्रा, तिरंगी पट्टी, सारे यथासांग. नावात 'जीओव्ही'सुद्धा होते, पण मधेच कुठेतरी. शेवट होता 'डॉट कॉम'! त्यांनी पैसे भरले नव्हते, हे नशीब.

गोम इथेच आहे. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचे नाव शेवटून वाचायचे असते. 'नाशिक डॉट जीओव्ही डॉट इन' यातले 'इन' म्हणजे भारत. त्याचे दप्तर पूर्वी मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे होते, २००५ पासून ते निक्सीकडे आहे. त्याअलीकडचे 'जीओव्ही' ही सरकारची वाडी. तिची चावी एनआयसी या १९७६ च्या सरकारी संस्थेकडे. तिथे जागा मिळते ती सरकारी कार्यालयालाच. तुम्ही-आम्ही थैली ओतली तरी मिळायची नाही. 'डॉट कॉम'चे तसे नाही. नाव मोकळे असले आणि वर्षाची फी भरली, की कोणीही मालक. मग त्याच्या डावीकडे 'जीओव्ही' लिहा नाहीतर 'मंत्रालय', विचारणारा कोण?

म्हणूनच एखादे खाते घाईत खासगी नाव घेऊन योजना सुरू करते, तेव्हा मला धास्ती वाटते. फी भरायची राहिली की ते नाव पुन्हा बाजारात येते. भिंतीवर रंगवलेला पत्ता तसाच राहतो आणि गावकऱ्याला परक्याच्या दारात नेऊन सोडतो. कचेरीचा रबरी शिक्का चहाच्या टपरीवर विसरण्यासारखेच हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना राखीव 'बँक डॉट इन'खाली यायला लावले, ते उगाच नव्हे.

ज्याला इंग्रजी अक्षरे लागत नाहीत त्याने काय करावे? त्याचीही सोय आहे. २०१४ साली देवनागरीत 'डॉट भारत' आले, सरकारसाठी 'सरकार डॉट भारत' राखून ठेवले. मनमाडपासून नांदगावपर्यंतच्या एकाही फलकावर असा पत्ता मी अजून वाचलेला नाही.