आकड्यापलीकडचे मूल

दहावीच्या निकालानंतर समुपदेशकाकडे कलचाचणीसाठी गर्दी होते. अहवाल हाती पडताच पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘बुद्ध्यांक किती?’

१९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करण्यासाठी. शिक्का मारण्यासाठी नव्हे. पुढे कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. परक्या वातावरणातले प्रश्न विचारून आपल्या मुलाची बुद्धी कशी मोजणार?

अपुरी झोप, भीती, अनोळखी भाषा हे सारे आकड्यात उतरते. म्हणूनच जाणता समुपदेशक चाचणीबरोबर मुलाशी निवांत बोलतो, त्याची आवड जाणून घेतो.

तेव्हा पालकहो, आकडा जरूर पाहा. पण आधी विचारा, ‘याला मदत कुठे हवी?’