लघुउद्योजकांचे करनियोजन : काही टाळता येणाऱ्या चुका

लघुउद्योजकाजवळ खेळते भांडवल बेताचेच असते. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात सहज सामावून जाणारी चूक छोट्या कारखान्यातील कामगारांचा महिन्याचा पगार अडवू शकते. तरीही मार्चअखेर कागदपत्रांची पिशवी करसल्लागाराकडे पोहोचवणे म्हणजेच करनियोजन, असा समज आपल्याकडे रूढ आहे. उत्पन्न दडवणे ही करचुकवेगिरी होय. कायद्याने दिलेले पर्याय वेळीच समजून घेऊन व्यवहारांची आखणी करणे म्हणजे करनियोजन.

करपद्धतीची निवड

आयकर कायद्यातील गृहीत उत्पन्नाच्या योजनेत, वार्षिक उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास तपशीलवार हिशेबवह्यांशिवाय ठरावीक दराने नफा दाखवता येतो. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ही मर्यादा ३ कोटी रुपये आहे. गृहीत नफ्याचा दर ८ टक्के असून बँकेमार्फत आलेल्या रकमेवर तो ६ टक्के आहे. दीड कोटींची विक्री सर्वस्वी रोखीने झाली, तर गृहीत नफा १२ लाख रुपये होतो. तीच रक्कम बँकेमार्फत आली, तर ९ लाख. मात्र ही योजना स्वीकारून पाच वर्षांच्या आत सोडल्यास पुढील पाच वर्षे तिचा लाभ घेता येत नाही. तसेच, सर्व आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरावा लागतो.

वस्तू व सेवा करातील कंपोझिशन योजनेचाही असाच विचार करावा. बहुतेक राज्यांत दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेले उत्पादक व व्यापारी १ टक्का दराने कर भरू शकतात. परंतु हा कर ग्राहकाकडून वसूल करता येत नाही, खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही आणि परराज्यात मालाची विक्री करता येत नाही. त्यामुळे किरकोळ दुकानदाराला सोयीची असलेली ही योजना कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याला अडचणीची ठरते. कारण त्याच्या ग्राहकालाही क्रेडिट मिळत नाही.

थकलेली बिले

सूक्ष्म व लघु उत्पादकांची आणि सेवा पुरवठादारांची बिले १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून या तरतुदीची आयकराशी सांगड घातली गेली. मुदत उलटूनही ३१ मार्चला थकीत असलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा होत नाही. ती प्रत्यक्ष दिली जाईल त्या वर्षी वजा होते.

समजा, कपडे शिवणाऱ्या एका भागीदारी संस्थेने रंगकाम करणाऱ्या लघुउद्योगाचे ६ लाख रुपये असे थकवले. ही रक्कम तिच्या उत्पन्नात मिळवली जाईल आणि ३० टक्के दराने १ लाख ८० हजार रुपयांचा कर, शिवाय ४ टक्के उपकर त्याच वर्षी द्यावा लागेल. पुढे वजावट मिळेल हे खरे. पण तोवर भांडवल अडकून पडेल. फेब्रुवारीतच देणेकऱ्यांची यादी तपासणे हा यावरील साधा उपाय आहे.

रोख व्यवहार आणि क्रेडिट

एका व्यक्तीला एका दिवसात १० हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देऊन केलेला खर्च, काही अपवाद वगळता, अमान्य होतो. वस्तू व सेवा करात पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. म्हणजेच उधारी लांबवण्याची सवय दोन्ही करांत महाग पडते.

ग्राहकांकडून गोळा झालेला कर ही शासनाची रक्कम आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवल्यास विवरणपत्राच्या दिवशी कर्ज काढण्याची वेळ येत नाही. उशिरा भरलेल्या करावर १८ टक्के व्याज आकारले जाते, हे विसरू नये. १९६१ च्या आयकर कायद्याऐवजी २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. मात्र नोंद वेळेवर, देणे वेळेवर आणि व्यवहार बँकेतून, ही शिस्त दोन्ही कायद्यांत सारखीच उपयोगी आहे. दर तिमाहीस करसल्लागाराबरोबर घालवलेला एक तास मार्चमधील धावपळीपेक्षा निश्चितच स्वस्त पडेल.