डिस्प्रोशियमभोवतीची वजाबाकी

एकच रेणू चुंबकासारखा वागू शकतो, हे 1993 साली ‘नेचर’मधल्या लेखाने दाखवून दिले. रॉबर्टा सेसोली, दान्ते गात्तेस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेला तो रेणू बारा मँगनीज अणूंचा होता. 2 केल्विनला त्याचे चुंबकत्व महिनोन्महिने टिकत असे, पण 4 केल्विनच्या वर ते झपाट्याने ओसरे. मग पुढची दहा वर्षे बेरजेत गेली: आणखी धातू जोडायचे आणि एकूण स्पिन वाढवायचा. हाती फारसे लागले नाही.

2003 साली नाओतो इशिकावा यांनी दिशा बदलली. त्यांच्या रेणूत टर्बियमचा एकच अणू होता, वरखाली थॅलोसायनिनच्या दोन चकत्या होत्या. चुंबकत्व उलटण्याच्या वाटेवरचा ऊर्जा-अडथळा मँगनीजच्या रेणूपेक्षा कितीतरी उंच निघाला. लँथेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचे कक्षीय चुंबकत्वही शाबूत राहते. त्याला एका अक्षाशी जखडून ठेवायचे काम मात्र भोवतालच्या लिगँडचे, म्हणजे धातूला जोडलेल्या अणू-गटांचे. प्रश्न धातूंच्या संख्येचा राहिला नाही, त्यांच्या शेजाऱ्यांचा झाला.

शेजारी कसे निवडायचे, याचा सोपा नियम बर्कलीच्या राइनहार्ट आणि लाँग यांनी 2011 मध्ये मांडला. टर्बियम आणि डिस्प्रोशियमचा इलेक्ट्रॉन-मेघ सर्वाधिक चुंबकत्वाच्या अवस्थेत थापलेल्या भाकरीसारखा चपटा असतो. म्हणून ऋणभार वर आणि खाली हवा, कडेला जितका कमी तितका बरा. अर्बियमचा मेघ लांबुळका, त्याला याच्या उलट मांडणी मानवते. डिस्प्रोशियमला आणखी एक फायदा आहे. त्याच्या आयनातील इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असल्याने क्वांटम टनेलिंगची चोरवाट बरीचशी बंद होते. पुढची शर्यत मुख्यतः त्याच्याच भोवती रंगली.

2016 मध्ये हा नियम फळाला आला. पवईच्या आयआयटीत मुरुगवेल आणि राजारामन यांच्या गटांनी डिस्प्रोशियमच्या वर-खाली फॉस्फरसशी जोडलेले दोन ऑक्सिजन ठेवले आणि कडेला पाण्याचे पाच रेणू. अडथळा सुमारे 735 केल्विन, चुंबकत्व गोठण्याचे तापमान 12 केल्विन. आणि हे संयुग चक्क हवेत टिकणारे. त्याच वर्षी चीन आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी वर-खाली अल्कॉक्साइड आणि कडेला पाच पिरिडिन ठेवून अडथळा 1,800 केल्विनच्या पुढे नेला. पण गोठण्याचे तापमान? जेमतेम 14 केल्विन.

अडथळा अडीचपट झाला, तापमान दोनच अंश वर सरकले. नुसती भिंत उंच करून भागत नव्हते. भिंत न चढताच चुंबकत्व निसटत होते, आणि वाट काढून देत होती खुद्द लिगँडचीच कंपने.

2017 मध्ये दोन गटांनी वेगवेगळे काम करून कडेचे लिगँड पूर्ण हटवले. तीन-तीन टर्शरी ब्यूटिल गट लावलेल्या दोन सायक्लोपेंटाडायनिल वलयांमध्ये डिस्प्रोशियम होता. त्याला चिकटलेला शेवटचा क्लोराइडही त्यांनी काढून घेतला. अडथळा आदल्या वर्षीइतकाच, सुमारे 1,760 केल्विन. हिस्टेरिसिस, म्हणजे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र बदलले तरी मागे रेंगाळणारे चुंबकत्व, मात्र 60 केल्विनपर्यंत दिसले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या धरल्या तरी ही झेप मोठीच. ताठ वलयांची कंपने डिस्प्रोशियमच्या ऊर्जापातळ्यांशी सहजी जुळत नव्हती. मँचेस्टरच्या गणितात उरलेला संशयितही सापडला: वलयावर शिल्लक असलेल्या हायड्रोजनची हालचाल. 2018 च्या लेफील्ड गटाच्या रेणूत दोन्ही वलयांवर एकही हायड्रोजन नव्हता, आणि वलयांमधला कोन सुमारे 153 वरून 162 अंशांपुढे रुंदावला होता. हिस्टेरिसिस 80 केल्विनला पोचले, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनच्या पलीकडे.

आधी जादा धातू गेले, मग कडेचे लिगँड, मग वलयावरचे हायड्रोजन. पण अशा वजाबाकीला एक मर्यादा आहे. नुसते दोन लिगँड ठेवले की रेणू वाकतो. 2025 मध्ये मिल्स, चिल्टन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जो रेणू मांडला, त्यात दोन अमाइड नायट्रोजन आहेत आणि त्यांतल्या एका लिगँडला जोडलेला अल्कीन कडेने डिस्प्रोशियमला हलकेच धरतो. तो दोन नायट्रोजनमधला कोन सुमारे 166 अंशांवर राखतो, पण कडेचा ऋणभार फारसा वाढवत नाही. हिस्टेरिसिसचा अरुंद फास आता 100 केल्विनपर्यंत उघडा राहतो. इतक्या वर्षांच्या वजाबाकीनंतर मोजून-मापून केलेली बेरीज उपयोगी पडली.

या प्रगतीची किंमतही लिगँडनेच वसूल केली आहे. उघडा पडलेला डिस्प्रोशियम हवा आणि ओलाव्याचा वाराही सहन करत नाही. पवईचे संयुग ते सहन करते, पण 12 केल्विनला. माहिती साठवायला असा रेणू कधी वापरायचाच असेल, तर तो पृष्ठभागावर बसवताना शाबूत राहिला पाहिजे. पुढचा विक्रम केवळ तापमानाचा असून चालणार नाही. डिस्प्रोशियमला मोकळे ठेवून हवेपासून वाचवणारा लिगँड ज्याला साधेल, तोच या क्षेत्राला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढेल.